तारण आणि मंडळीची वही : नारायण वामन टिळकांचे साताऱ्यातील अखेरचे पर्व



रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव तुम्हांला ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून परिचित असेल. शालेय पाठ्यपुस्तकांनी त्यांची ही ओळख घट्ट करून ठेवली आहे. लोकमान्य टिळक आणि हे टिळक यांचे आडनाव, ज्ञाती आणि मूळचा कोकणप्रांत एक असला, तरी दोघांच्या वाटा अगदी भिन्न होत्या. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून हे आरंभीच सांगून ठेवतो. प्रस्तुत घटकात त्यांच्या काव्याचा विचार मुख्यत्वे करावयाचा नाही. त्यांच्या आयुष्याची अखेरची सुमारे दोन वर्षे साताऱ्याशी निगडित आहेत, आणि त्या अवधीत त्यांनी जे केले त्याने महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजापुढे एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. ख्रिस्तावर विश्वास ठेवून तारण पावलेला मनुष्य ते तारण पुढे गमावू शकतो काय? आणि त्याने ते राखले की गमावले, हे ठरवावयाचे कोणी?

तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, या प्रश्नात जे पणाला लागले होते ते तुम्हांला अपरिचित वाटणार नाही. घर, जोडीदार, मूल, गाव, पंगतीतील जागा आणि मेल्यावर खांदा देणारी माणसे, इतके सारे त्यात गुंतलेले होते.

प्रश्नाचे स्वरूप

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘तारण’ हा शब्द तुम्ही बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या पाटीवर नेहमी वाचता. सोने तारण ठेवून कर्ज घेतले जाते. हप्ते थकले की सोने जाते. मराठी ख्रिस्ती परिभाषेत मात्र तारण म्हणजे तरून जाणे, पापातून व मृत्यूतून सोडवले जाणे. पलीकडच्या तीरावर एकदा पाय टेकल्यावर माणूस पुन्हा त्याच पुरात कसा बुडेल? एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक दीर्घ वाद जणू सामावलेला आहे. तारण हे हप्ते चुकताच जप्त होणारे आहे, की पैलतीर गाठल्यासारखे कायमचे आहे?

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत या वादाने फार तीव्र रूप धारण केले. कॅल्व्हिनच्या अनुयायांचे म्हणणे असे की, ज्यांना देवाने निवडले त्यांना तो अखेरपर्यंत धरून ठेवतो. ते अडखळतील, पडतील, पण कायमचे नष्ट होणार नाहीत. १६१८-१९ मध्ये हॉलंडातील डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने हे मत प्रमाण ठरविले आणि पुढे वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रिकेने ते प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत रुजविले. याच्या उलट आर्मिनियसच्या परंपरेतील लोक, आणि पुढे जॉन वेस्लीचे मेथडिस्ट, असे मानीत की कृपा नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला शेवटपर्यंत असते. म्हणून विश्वासणाराही मागे फिरून तारणास मुकू शकतो. दोन्ही पक्ष नव्या कराराचाच आधार घेत. मेंढपाळाच्या हातून मेंढरे कोणी हिसकावून घेऊ शकणार नाही, या योहानाच्या शुभवर्तमानातील आश्वासनावर पहिल्यांचा भर. तर एकदा प्रकाश मिळूनही जे मागे पडले त्यांच्याविषयी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात जो कठोर इशारा आहे, त्यावर दुसऱ्यांचा.

भक्तिसंप्रदायांचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला येथे दक्षिणेतील श्रीवैष्णवांचा वाद आठवेल. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः बिलगून राहते, पकड सुटली तर पडते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. भक्त कोणासारखा? मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या नावांनी हा भेद ओळखला जातो. माणसाने देवाला धरावयाचे की देवाने माणसाला, ही शंका कोणत्याही एका धर्माची मिरास नाही.

आता हा वाद आपल्या मुलुखात कसा आला ते पाहू. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पण मिशनऱ्यांच्या नकाशावर सातारा आणि सांगली यांच्यामध्ये फार पूर्वीपासून एक वेगळीच सीमा होती. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेतले. त्याचे मोठे केंद्र अहमदनगर. सांगली, मिरज आणि कोल्हापूर या बाजूला अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे मिशन काम करीत होते. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये प्रथम सांगलीस आले आणि नंतर मिरजेला त्यांनी जे रुग्णालय उभारले ते आजही त्या शहराची ओळख आहे. म्हणजे कृष्णाकाठचा एखादा शेतकरी वरच्या अंगाला ख्रिस्ती झाला की खालच्या अंगाला, यावरून तो कोणत्या पंथाचा ते ठरे. त्याला स्वतःला डॉर्ट कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोन्ही मिशनांच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एकत्र आल्या. टिळक तोवर हयात नव्हते.

व्यवहारात मात्र पंथभेदापेक्षा एक साधी वस्तू अधिक महत्त्वाची होती, ती म्हणजे मंडळीच्या सभासदांची वही. बाप्तिस्मा झाला की वहीत नाव चढे. मूर्तिपूजा, जातिभेद पाळणे, दारू अशा कारणांवरून ते काढलेही जाई. वहीतले नाव आणि स्वर्गातले नाव एकच नव्हे, हे प्रत्येक सुज्ञ पाळक जाणून होता. तथापि ज्याचे नाव कमी झाले त्या कुटुंबाला तो फरक समजावून सांगणे सोपे नव्हते. दुष्काळात मिशनच्या आश्रयास आलेली आणि पाऊस पडल्यावर पुन्हा आपल्या जातीत परतलेली माणसेही होती. त्यांनी तारण गमावले, की त्यांना ते मिळालेच नव्हते? कॅल्व्हिनच्या अनुयायांचे उत्तर दुसरे, वेस्लीच्या अनुयायांचे पहिले. खेड्यातल्या उपदेशकाला मात्र रविवारी त्याच माणसाच्या दारावरून जावे लागे.

पहिले बाहेर पडणे

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचा मृत्यू आणि वडिलांचा कडक स्वभाव यांमुळे त्यांनी कोवळ्या वयातच घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या लक्ष्मीबाई टिळक. पुढील दीड दशक भटकंतीचे. शिक्षकी, कीर्तन, काव्य, संपादन असे नाना उद्योग करीत ते नागपूरला पोहोचले. धर्माविषयीची त्यांची तळमळ या काळात वाढत गेली. जातिभेदमुक्त असा एखादा नवा धर्म स्थापावा, इथवर त्यांचे विचार गेले होते.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथे त्यांचे मन गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर भारतीय पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे साताऱ्यात जे घडले त्याचे बीज यात आहे.

त्या दिवशी टिळकांना तारण लाभले असे मिशनने मानले. त्यांच्या आप्तस्वकीयांनी नेमके उलटे मानले: हा मनुष्य पतित झाला, बुडाला. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क सुरक्षित केला होता, पण कायदा पंगतीत पान मांडू शकत नाही. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू त्यांना दुरावले. पतीच्या धर्मांतराची वार्ता आल्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जी अवस्था आली ती त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने सांगितली आहे. ते पुस्तक तुमच्या अभ्यासक्रमात असो वा नसो, मिळवून वाचा. मराठी गद्यात त्याच्या तोडीची आत्मकथा क्वचितच सापडते. पुढे त्या मुलासह नगरला पतीकडे आल्या, तरी सोवळे-ओवळे त्यांनी लगेच टाकले नाही. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. जातिभेद ही माणसाची करणी आहे, देवाची नव्हे, असे एके दिवशी त्यांना स्वतःलाच उमगले, आणि १९०० मध्ये, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे थोडे थांबून विचार करा. या पाच वर्षांत ज्या स्त्रीवर टिळकांचे प्रेम होते, ती मंडळीच्या वहीबाहेर होती. तिच्या मनात पालट होत असलेला ते पाहत होते. मग तारण नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले म्हणावयाचे? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही असेच अंतर आढळते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, परंतु ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. वहीतील तारीख आणि अंतःकरणातील तारीख या दोन निराळ्या असू शकतात, हे त्या पिढीच्या मराठी ख्रिस्ती माणसांनी अनुभवाने जाणले होते.

नगरची वर्षे

नगरला टिळक मिशनच्या सेवेत सुमारे दोन दशके राहिले. त्यांनी धर्मशिक्षण विद्यालयात अध्यापन केले, पाळकपदाची दीक्षा घेतली, कीर्तने केली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चे संपादन पाहिले. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. उपासनेत गाण्यासाठी त्यांनी शेकडो पदे रचली. मराठी ख्रिस्ती मंडळी आजही ती गाते. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती.

याच नगरात डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचा सहवास त्यांना लाभला. ह्यूम यांची कथा आपल्या विषयाशी निकटची आहे. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी एक मत व्यक्त केले: ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव या जन्मी कधी पडलेच नाही, त्यांना मृत्यूनंतर संधी मिळत असेल अशी आशा बाळगावयास हरकत नसावी. एवढ्यावरून त्यांच्या संस्थेत मोठे वादळ उठले आणि त्यांना हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही यावर खल झाला. अखेर ते परतले. नगरच्या खेड्यापाड्यांतील ज्या माणसांचे आजे-पणजे ख्रिस्ताचे नाव न ऐकताच मेले होते, त्यांच्या तोंडावर ते सारे नष्ट झाले असे सांगणे ह्यूम यांना जड गेले असेल, तर त्यात नवल नाही. टिळक अशा माणसाच्या सान्निध्यात वाढले.

साताऱ्याचा दरबार

१९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगावयाचे, कोणाचे वेतन घ्यावयाचे नाही, असे ठरवून ते साताऱ्यास आले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसमाज होता.

दरबार हा शब्द साताऱ्यात सहज उमजण्यासारखा होता. छत्रपतींचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले असले तरी त्याची आठवण ताजी होती, आणि सांगलीत पटवर्धनांचे संस्थान तर त्या वेळी नांदतच होते. दरबारात राजा मध्यभागी असतो. कोणी मानकरी असतो, कोणी दाराशी उभा असतो. पण दोघांचेही नाते राजाशी असते. मंडळीची कल्पना निराळी: तिला उंबरठा आहे, आतले आणि बाहेरचे आहेत. टिळकांनी हा शब्द याच हिशोबाने निवडला असे प्रस्तुत लेखक म्हणू इच्छित नाही; परंतु तो निवडल्यामुळे उंबरठ्याचा प्रश्न मागे पडला, एवढे निश्चित.

बाप्तिस्मा न झालेले शिष्य म्हणजे कोण? टिळकांना असे अनेक सुशिक्षित हिंदू भेटत, ज्यांची ख्रिस्तावर निष्ठा होती, पण बाप्तिस्मा घेतला तर आई अन्न सोडील, पत्नी दूर होईल, हे त्यांना दिसत होते. आपल्या ताटातुटीनंतर टिळकांना अशा माणसाला भित्रा म्हणवणे अवघड होते.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही नीट समजून घ्या. ती क्षुल्लक नव्हती. शिष्यांना बाप्तिस्मा द्या, ही आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी स्पष्ट आहे. ती ऐच्छिक ठरविली तर उरले काय? ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व गमावले त्यांच्या त्यागाला अर्थ काय? आणखी एक मुद्दा त्या काळी फारसा बोलला गेला नसेल, पण आज तो आपण नोंदवला पाहिजे. नगर, सातारा, सांगली या भागांतील बहुसंख्य ख्रिस्ती हे महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा, शाळा आणि मंडळीच्या वहीतले नाव ही माणूस म्हणून मिळालेली पहिली नोंद होती. उच्चवर्णीयांना घरी राहून शिष्य होण्याची सवलत देणारा दरबार त्यांना कसा दिसला असेल? टिळकांचा संन्यासाचा आदर्शही मूलतः ब्राह्मणी परंपरेतलाच. प्रस्तुत लेखकाच्या मते टिळकांच्या योजनेतील खरी उणीव येथे आहे, धर्मशास्त्रात नव्हे.

मिशनची चाकरी सोडल्यामुळे टिळक स्वतः मागे फिरले, असे म्हणता येईल काय? त्यांनी ख्रिस्त सोडला नव्हता, आपला बाप्तिस्माही नाकारला नव्हता. तरीही १८९५ मध्ये एका समाजाने ज्याला हरवलेला ठरविले, त्याच्याकडे दुसऱ्या समाजातील काही जण आता साशंकतेने पाहू लागले. दोन्ही वेळा त्यांनी एक कुंपण ओलांडले होते, आणि दोन्ही वेळा आपण ख्रिस्ताच्या अधिक जवळ चाललो आहोत अशीच त्यांची भावना होती.

तारण गमावता येते की नाही, यावर टिळकांनी कोणताही सिद्धान्तग्रंथ लिहिला नाही. त्यांचे उत्तर ‘अभंगांजली’तील भावनेत शोधावे लागते. तेथे दोन सूर एकाच वेळी ऐकू येतात. ख्रिस्त हा आई आहे, गुरू आहे, सखा आहे. त्याने धरलेला हात सुटणार नाही, हा मार्जारन्यायाचा सूर. आणि आपण अजून फार अपुरे आहोत, पुष्कळ वाट चालावयाची आहे, हा मर्कटाच्या पिलाचा सूर. पाश्चात्त्य पंथांनी या दोन सुरांतून एक निवडला आणि दुसऱ्याविरुद्ध पुस्तके लिहिली. तुकोबांच्या परंपरेत वाढलेल्या या कवीला निवड करण्याची निकड भासली नाही. स्वतःला पतित म्हणणारा संत विठोबावरचा हक्क सोडीत नाही, हे त्याने लहानपणापासून ऐकले होते. हे उत्तर तर्कशुद्ध नाही, असा आक्षेप तुम्ही घेऊ शकता, आणि तो खोडून काढणे कठीण आहे.

अखेर

दरबाराला अवधी फार थोडा मिळाला. टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांना मुंबईस नेण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला. त्या काळी ख्रिस्ती माणसाचे दहन ही लहान गोष्ट नव्हती. देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्या समाजात दफन हाच शिरस्ता होता. देह जळाल्याने देवाच्या हातून काही निसटते असे टिळकांना वाटत नव्हते, हे उघड आहे. त्यांच्या अस्थी नगरला नेण्यात आल्या.

त्यांच्या पश्चात दरबार टिकला नाही. जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने टिळकांचे चरित्र लिहिले आणि त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. पुढचे बहुतेक सारे लक्ष्मीबाईंनी रचले. बाप्तिस्म्यापूर्वी पाच वर्षे वहीबाहेर असलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या स्त्रीने ते काम १९३६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालू ठेवले.